गगनबावड्याकडची ४ दिवसांची मिशन ट्रिप: पैसे वसूल झाले, पण गोळ्यांचं गणित चुकलं

आमच्या चर्चच्या मंडळीतल्या तरुण संघातनं १२ जण गेलो होतो, बाकीचे ८ बाहेरचे. आयोजक संस्था वेगळी, तिचं नाव मुद्दाम लिहीत नाही, वाडीचं पण नाही, उगाच लोकं रील काढायला जातील तिथं. माणशी १८०० रुपये घेतले, त्यात ट्रॅव्हलर, जेवण आणि शाळेच्या खोलीत झोपायची सोय. ५ पैकी साडेतीन देते, अर्धा फक्त आशाताईंमुळं (खालच्या गावच्या आशा वर्कर), त्या संस्थेच्या नव्हत्याच तरी.

कोल्हापुरातनं निघायचं होतं सकाळी ६ ला, निघालो साडेआठला. नोव्हेंबर म्हणजे ऊसाचा सीझन, फुलेवाडी सोडली की बालिंगा, कळे सगळीकडं ट्रॉल्याच ट्रॉल्या, ५५ किलोमीटरला किती वेळ लागला विचारू नका. पुढं डांबर संपतं आणि तासदीड तास चढ चालायचा, आणि हे कुणी सांगितलंच नव्हतं ओ. सामानाच्या यादीत बायबल, वही, टॉर्च, स्लीपिंग बॅग सगळं होतं पण चांगले बूट आणा एवढी एक ओळ नाही. मी कापशी (कोल्हापुरीच) चप्पल घालून गेलेली, कोल्हापूरची आहे म्हणून काय झालं, पहिल्याच ओढ्यात भिजून तिचा पापड झाला. पुढचे ४ दिवस मैत्रिणीच्या बाथरूम स्लिपरवर काढले.

धनगरवाडा म्हणजे १४ घरं. म्हशी, थोडी नाचणी, जंगलातला हिरडा. आम्ही २० जण तिथं जाऊन पडलो आणि पहिल्याच रात्री बायकांनी नाचणीची भाकरी, ठेचा आणि तांब्या भरभरून दूध आणून ठेवलं. चव एक नंबर, पण नंतर लक्षात आलं की त्या दिवशीचं डेअरीला घालायचं दूध आम्हीच पिऊन टाकलंय. आयोजकांनी जेवण म्हणून आणलेलं काय तर ब्रेड, जॅम आणि मॅगीची पाकिटं. दुसऱ्या दिवशी दोघं खाली जाऊन तांदूळ-डाळ-तेल घेऊन आले तेव्हा कुठं बरं वाटलं.

आता कामाचं. ठरलेलं काम होतं शाळा रंगवायचं. मुलं ४. भिंतीवर इंद्रधनुष्य, फुलपाखरं, सगळं झकास झालं, फोटो पण भारी आले (मुलांचे फोटो न विचारता ग्रुपवर टाकले ते मला अजिबात पटलं नाही). आणि शाळेच्या मागनंच झऱ्याची काळी पाईप गेलेली, चार ठिकाणी फुटलेली, वाडीत पाणी करंगळीएवढं. बायका कळशी घेऊन वर झऱ्यापर्यंत जात होत्या आणि आम्ही फुलपाखराला मिशा काढत होतो. तिसऱ्या दिवशी एका मामांनी विचारलं, रंग झाला असंल तर जरा हिकडं हात लावता का. मग पोरांनी त्यांच्याबरोबर फुटका भाग कापला, पाईपचं टोक जाळावर मऊ करून एकात एक घुसवलं, वरनं सायकलच्या ट्यूबची पट्टी आवळून बांधली. मोटार नाही काय नाही, उतारानं पाणी आपोआप येतं. अर्ध्या दिवसाचं काम होतं ओ! आधी एक फोन करून विचारलं असतं तर रंगाच्या पैशात नवीन पाईप आली असती.

मेडिकल कॅम्प चांगला झाला. एक डॉक्टर, मिरजेहून आलेल्या दोन रिटायर्ड सिस्टर, आजूबाजूच्या वाड्यांवरची धरून ६३ माणसं तपासली. सिस्टरांचा हात आणि बोलणं दोन्ही गोड, म्हाताऱ्या माणसाला आधी बसवून पाणी द्यायच्या आणि मगच बीपीचा पट्टा बांधायच्या. पण बीपीच्या गोळ्या दिल्या ५ दिवसांच्या! दुसऱ्या दिवशी खालच्या गावातनं आशाताई चालत आल्या, पाकिटं बघितली आणि डॉक्टरांनाच म्हणाल्या, "साहेब, सहाव्या दिवशी ही मला विचारणार, मी काय सांगू?" डॉक्टर गप्प. बीपीची गोळी रोज लागते, बरं वाटलं म्हणून सोडायची नसते, हे त्यांना काय माहीत नव्हतं का. मग ताईंनी स्वतः वहीत नावं घेतली, ही गोळी सरकारी आरोग्य केंद्रात फुकट मिळते, महिन्याची आणून देते म्हणाल्या. डोंगरी भागात २०,००० लोकांमागं एक प्राथमिक आरोग्य केंद्र असा नियम आहे, सपाटीला ३०,०००. कागदावर सोय बरी दिसते, पण गुडघे दुखणाऱ्या आजीला तो चढ उतरून परत चढायचा असतो त्याचं काय.

सगळ्यात हिट काय झालं असेल तर जवळचे चष्मे. चाळिशीनंतर जवळचं दिसत नाही, त्याला साधा प्लसचा चष्मा पुरतो. एका आजीनं घातला, सुईत दोरा पहिल्या झटक्यात ओवला आणि थेट घरी जाऊन अर्धी पडलेली वाकळच घेऊन आली. "पोरी, दोन वर्सं नुसती नातीच्या मागं लागते गं, दोरा घालून दे म्हणून," म्हणाली. ४० चष्मे दुपारपर्यंत संपले, अडीच नंबरवाले तर तासाभरात.

धर्माचा विषय निघणारच म्हणून लिहिते. संध्याकाळी आम्ही गाणी म्हणायचो, मग त्या बायका त्यांच्या देवाची म्हणायच्या, त्यांचा आवाज आमच्यापेक्षा कितीतरी बरा. प्रार्थना हवी म्हणेल त्याच्यासाठीच. एक पोरगा औषधाच्या रांगेत सुवार्तेची पुस्तिका वाटायला लागला तर पाळकसाहेबांनी तिथंच थांबवलं, "औषधाच्या रांगेत नाही, बाळा." मला हे लई आवडलं. माणूस आजारी असताना हातात काहीही दिलं तर तो नाही कसा म्हणेल. परत येताना गाडीत पाळकसाहेबांनी इतिहास काढला, मिशनरी वाइल्डरसाहेब १८५२ ला कोल्हापुरात आले, मिशनरी डॉक्टर वानलेससाहेबांनी १८९४ ला मिरजेत दवाखाना उघडला वगैरे. मागनं एक सिस्टर हळूच म्हणाल्या, "ते राहिले होते हो इथं." मग कळे येईपर्यंत गाडीत कुणी काही बोललं नाही.

बाकी थंडी कडक, २० जणांत संडास एकच, रात्री गवे फिरतात त्यामुळं एकटीनं बाहेर पडायचं नाही. पुढच्या वेळी जाणाऱ्यांनी आधी आशाताईंना विचारून कामाची यादी करा आणि स्वतःचं रेशन न्या.

परवा ताईंचा फोन आला, पाईप अजून धरून आहे, अडीच नंबरचे ६ चष्मे कमी पडलेत. काल शाहूपुरीत ११० ला एक असे ६ घेतले. रविवारी कुणी गगनबावडा साइडला जाणार असेल तर सांगा, साळवणपर्यंत पोचवले तरी चालतील, पुढं ताई कुणाला तरी पाठवतो म्हणाल्यात.