मूळपुरुष किती जुना: एसटीआर की एसएनपी?

कुलवृत्तांतातली वंशावळ पेशवाईच्या मागे जात नाही आणि घाटावरचे त्याच आडनावाचे लोक आपलेच का, हे कुणी सांगू शकत नाही. असं घराणं असेल तर वाय-डीएनए (बापाकडून मुलाकडे जाणाऱ्या वाय गुणसूत्राच्या) चाचणीचा विचार मनात येतोच. तिचे दोन प्रकार आहेत, एसटीआर आणि एसएनपी. मी दोन्ही चाचण्या केल्या आहेत.

एसटीआरमध्ये डीएनएचा छोटा तुकडा एकेका जागी (मार्करवर) किती वेळा लागोपाठ येतो ते मोजतात. ३७ मार्करची एसटीआर स्वस्त पडते आणि पहिली चाळणी म्हणून उत्तम. हॅप्लोग्रुपच (वाय-वंशवृक्षाच्या मोठ्या शाखाच) वेगळे निघाले तर पुढचा खर्च वाचला. मधे दत्तक असला तरी लगेच घाबरू नका. आपल्याकडे दत्तक पुष्कळदा भाऊबंदांतलाच घेत, म्हणजे वाय तोच राहतो.

काळ काढायला बसलं की मात्र एसटीआर वैताग आणते. आमच्या आणि घाटावरच्या निकालात ३७ मार्कर मिळून ३ चा फरक आला. बाप-लेकांच्या जोड्यांवरून काढलेला उत्परिवर्तनाचा दर लावला, तर सामाईक पूर्वज शिवकाळात बसतो. झिवोतोव्स्की आणि सहकाऱ्यांनी २००४ साली मांडलेला, जवळपास तिपटीने मंद दर लावला की तोच गृहस्थ थेट शिलाहारांच्या राज्यात! तो दर लोकसमूहांसाठी आहे, एका घराण्यासाठी नाही, हे मान्य. पण मी वापरलेल्या कॅल्क्युलेटरवर कुठला दर धरलाय याचा पत्ताच नव्हता. त्यात एखाद्या मार्करचा आकडा १४ चा १५ आणि पुन्हा १४ झाला, तर मधला बदल दिसतच नाही. माझं मन तिथेच उडालं.

एसएनपी म्हणजे डीएनएतल्या एकाच अक्षराचा बदल; तो सहसा उलटत नाही. बिग वाय-७०० या एसएनपी चाचणीमध्ये सरासरी ८०-८५ वर्षांना एक नवा एसएनपी धरतात. दोन शाखा फुटल्यानंतरचे आमच्याकडे ४, त्यांच्याकडे ५, म्हणजे ढोबळमानाने पावणेचारशे वर्षं. आकडे इतके थोडे की २०० ते ७०० मधलं काहीही खरं असू शकेल. तरी दराचा घोळ बराच कमी: सैबेरियातल्या उस्त-इशिमच्या सुमारे ४५,००० वर्षं जुन्या हाडावरून २०१४ साली तो दर पडताळून पाहता आला. त्याआधी, २०१३ मध्ये, वाय-वंशवृक्षातल्या ए-०० या सर्वांत जुन्या शाखेला ३,३८,००० वर्षं दिली गेली होती. नंतरच्या हिशेबात ती अडीच लाखांच्या आसपास आली. पूर्वजाचा जन्मशक हवा असेल, तर तो कुठलीच चाचणी देणार नाही.

पैसे एकदाच घालायचे असतील तर मी एसएनपीत घालीन, पण दोन्ही शाखांतल्या एकेका पुरुषासाठी. एकट्याच्या निकालावरून फूट कधी पडली ते कळत नाही. घाटावरच्या काकांना गालातला नमुना द्यायला आधी राजी करा, मग किट मागवा.