लंडनचं ओल्ड ऑपरेटिंग थिएटर: ॲस्टली कूपर शोधायला जाणाऱ्यांसाठी

सेंट थॉमस स्ट्रीटवरच्या जुन्या चर्चच्या माळ्यावर हे म्युझियम आहे, लंडन ब्रिज स्टेशनच्या अगदी जवळ. जिना गोल, अरुंद आणि ५२ पायऱ्यांचा. गुडघे कुरकुरत असतील तर आधी विचार करा. मोठी बॅग तर आणूच नका.

नावाजलेले सर्जन सर ॲस्टली कूपर (१७६८-१८४१) याच टेबलावर ऑपरेशन करायचे असं समजून गेलात तर फसाल. सर्जन म्हणून त्यांची नेमणूक समोरच्या गाइज हॉस्पिटलात होती. हे थिएटर ज्याचं, त्या सेंट थॉमस हॉस्पिटलात ते शिकवायचे. हे थिएटर १८२२ चं, बायकांच्या वॉर्डाला लागून बांधलेलं. त्याआधी बायकांची ऑपरेशनं वॉर्डातच, बाकीच्या पेशंटच्या डोळ्यांदेखत व्हायची. मात्र कूपर यांच्या काळातली मुलं सर्जरी कशी शिकायची, हे इथल्याइतकं स्पष्ट दुसरीकडे दिसणं कठीण.

बाकड्यांचं नावच नाही. घोड्याच्या नालेच्या आकारात चढत गेलेले कठडे, विद्यार्थ्यांनी त्यांना रेलून उभं राहायचं. वर काचेचं छत, कारण उजेडाची सगळी भिस्त सूर्यावर. मधोमध लाकडी टेबल, खाली भुशाची पेटी. रक्त जिथे ओघळेल तिथे ती पायाने सरकवायची. फळ्यांखालीही भुसा भरलेला, नाहीतर रक्त झिरपून चर्चच्या छतातून टपकलं असतं.

पेशंटला बेशुद्ध करणारं ईथर लंडनला आलं १८४६ च्या डिसेंबरात. तोवर पेशंट पूर्ण शुद्धीवर, म्हणून पाय कापायचा तो मिनिट-दोन मिनिटांत. आधी रक्त रोखायला पट्टा आवळायचा, मग कातडी, स्नायू, करवत, शेवटी रक्तवाहिन्या एकेक पकडून बांधायच्या. त्यातली एखादी निसटली की घात.

हत्यारांच्या कपाटापाशी सावकाश थांबा. मुठी लाकडी, पकड घसरू नये म्हणून बारीक जाळीदार कोरलेल्या. त्या खाचांत सुकलेलं रक्त कोण काढणार? हातही धुवायचे ते ऑपरेशननंतर. ऑपरेशन झकास होऊनही पेशंट आठवड्याभरात जखम चिघळून जायचा, तो यामुळे.

औषधी वनस्पतींच्या बाजूला मात्र मांडणी फार दाटीवाटीची. तिथे वेळ घालवू नका. निवेदनासह प्रात्यक्षिक असेल तोच दिवस गाठा, एरवी थिएटर मुकं वाटतं.

आणि कूपरच हवे असतील तर खाली उतरून रस्ता ओलांडा. गाइजच्या चॅपलमध्ये त्यांना पुरलेलं आहे.