लेम चाबांगला उतरून स्वतःच बँकॉक पाहू इच्छिणाऱ्यांसाठी

क्रूझच्या वेळापत्रकात थायलंडमधील मुक्कामाच्या दिवसासमोर ‘बँकॉक’ असे छापलेले असले, तरी जहाज बँकॉकला जात नाही. चाओ फ्राया नदीच्या मुखाशी वाळूचा दांडा आहे आणि नदीचे पात्र मोठ्या जहाजांना पुरेसे खोल नाही, त्यामुळे मोठी प्रवासी जहाजे चोनबुरी प्रांतातील लेम चाबांग या मालवाहू बंदरात लागतात. तेथून बँकॉकचा राजवाडा सुमारे १३० किलोमीटरवर आहे. रस्ता मोकळा असेल तर दोन तास लागतात आणि शहराच्या तोंडाशी वाहतूक तुंबली तर अडीच-तीन. मी, माझी पत्नी, मेहुणी आणि साडू अशा आम्हा चौघांना त्या दिवशी ज्या पद्धतीने लुबाडण्यात आले, तिचा पाया हे अंतरच होता, म्हणून ते आधी सांगितले.

जहाजाकडून मिळणाऱ्या सहलीचा दर माणशी असतो आणि गाडीचा दर गाडीमागे असतो, त्यामुळे चौघांनी मिळून गाडी केल्यास पैसे बरेच वाचतात, शिवाय पाहायचे ते आपल्या मर्जीने पाहता येते. हा हिशेब आजही मला गैर वाटत नाही. धक्क्यावरून बाहेर पडताच एक मनुष्य पुढे आला. त्याच्या गळ्यातील फितीला लॅमिनेट केलेले ओळखपत्र होते आणि त्यावर आमच्याच जहाजाचे छायाचित्र छापलेले होते. त्याने पहिला प्रश्न विचारला तो ‘कोठे जायचे’ हा नव्हे, तर ‘जहाजावर परत किती वाजता’ हा होता. विचारण्याचा सूर काळजीचा होता. साडूंनी जहाजाच्या दैनिक पत्रकात दिलेली वेळ, म्हणजे दुपारचे साडेचार, त्याला सांगितली आणि त्याने ती मोबाइलमध्ये टिपून घेतली. मग एका कागदावर ४००० (बाथ, म्हणजे थायलंडचे चलन) हा आकडा लिहून त्याभोवती गोल काढला, जाणे-येणे दोन्ही धरून, असे तोंडी सांगितले आणि कागद स्वतःच्या खिशात ठेवला. गाडी चालवणारा दुसराच होता.

दहाच्या सुमारास चालकाने आम्हाला राजवाड्याच्या भिंतीपासून थोड्या अंतरावरील एका कोपऱ्यावर सोडले, पुढे गाड्या जाऊ देत नाहीत असे सांगितले आणि दीड वाजता तेथेच येतो म्हणाला. आम्ही पंचवीस-तीस पावले गेलो असू, तोच पांढरा सदरा घातलेले एक मध्यमवयीन गृहस्थ सामोरे आले. राजवाडा सकाळी बंद आहे, भिक्षूंची पूजा चालू आहे, पर्यटकांना एक वाजता सोडतील, असे त्यांनी अत्यंत आदबीने सांगितले आणि समोरचा बंद दरवाजा बोटाने दाखवला. दरवाजा खरोखरच बंद होता. राजवाड्याच्या चारही भिंतींची मिळून लांबी १९०० मीटर आहे, त्यांत अनेक दरवाजे आहेत आणि पर्यटकांना त्यांपैकी एकाच ठरावीक दरवाज्यातून प्रवेश मिळतो. ही माणसे नेमकी बाकीच्या दरवाज्यांजवळ उभी असतात. मुख्य दरवाज्याशी राजवाडा रोज उघडा असतो आणि अनोळखी व्यक्तींवर विश्वास ठेवू नका, अशी सूचना असते, पण ती तेथवर पोहोचलेल्यालाच दिसते. राजघराण्याचे समारंभ वगळता राजवाडा रोज सकाळी साडेआठला उघडतो आणि तिकीटविक्री दुपारी साडेतीनपर्यंत चालते.

गृहस्थांनी नकाशा उलगडला, बॉलपेनने तीन देवळांभोवती गोल केले आणि एक टुकटुक, म्हणजे तीनचाकी रिक्षा, थांबवून दिली. भाडे होते सगळ्या फेरीचे मिळून २० बाथ. एवढ्या पैशांत एक फर्लांगही कोणी नेणार नाही, असे मेहुणी म्हणाली. त्यावर, सरकारने आज टुकटुकवाल्यांना पेट्रोल मोफत दिले आहे, असे उत्तर तयार होते. या प्रकारात प्रत्येक शंकेचे उत्तर आधीच पाठ केलेले असते, आणि तेही इतके बारीकसारीक की शंका घेणाऱ्यालाच संकोच वाटावा.

पहिल्या देवळात फारसे कोणी नव्हते. पायरीवर बसलेले, उत्तम कपड्यांतील एक गृहस्थ आपण होऊन बोलू लागले. आपण सिंगापूरचे वकील आहोत, दर वर्षी येथे येतो, सरकारमान्य दुकानातून नीलम घेतो आणि परत जाऊन तो दुपटीने विकतो, त्यात सुट्टीचा खर्च निघतो, असे त्यांनी सांगितले. करमाफीच्या विक्रीचा आज शेवटचा दिवस आहे, हेही त्यांनी जाता जाता सांगितले. आमच्याकडून त्यांनी काहीच मागितले नाही, दुकानाचा पत्तासुद्धा दिला नाही, आणि थोड्या वेळाने निघून गेले. टुकटुकवाल्याने पुढे ज्या दुकानासमोर गाडी थांबवली, ते अर्थातच तेच दुकान होते. एकमेकांना न ओळखणाऱ्या भासणाऱ्या तीन माणसांचे बोलणे एकमेकांशी जुळले की माणूस ती पडताळलेली समजतो. त्या तिघांचा धंदा एकच असेल, हा विचार उन्हात आणि घाईत मनात येत नाही.

दुकान थंडगार होते. पाणी आले, सरबत आले, भिंतीवर मोठ्या चौकटीतील प्रमाणपत्रे होती. साडूंनी ३८,००० बाथचा एक निळा खडा कार्डावर घेतला. कार्डाच्या यंत्रावर रक्कम बाथमध्ये घ्यायची की आपल्या देशाच्या चलनात, असा पर्याय आला, तेव्हा विक्रेत्याने आम्हाला न विचारता दुसरे बटण दाबले. त्यामुळे विनिमयाचा दर कार्ड देणाऱ्या बँकेऐवजी दुकानाच्या बाजूने ठरला आणि आणखी काही टक्के गेले. पावतीच्या तळाशी, ‘माल पाहून, समाधान झाल्यावर घेतला’ असे वाक्य होते आणि त्याखाली सही होती.

राजवाड्यात आम्ही पोहोचलो तेव्हा साडेबारा वाजले होते आणि आतली गर्दी सांगत होती की दरवाजे सकाळपासून उघडेच होते. प्रत्येकी ५०० बाथचे तिकीट काढून जेमतेम तासभर मिळाला. तेथील प्रसिद्ध पाचू-बुद्धाची मूर्ती पाचूची नसून एका हिरव्या दगडाची आहे, ही माहिती वाचताना साडूंचा हात खिशाकडे गेला, तो मी पाहिला. मूर्तीच्या बाबतीत निदान कोणी तसा दावा करून पैसे मागत नाही.

परतीच्या वाटेवर ७ क्रमांकाच्या पथकर महामार्गावरील एका विश्रांतीस्थळी चालकाने गाडी वळवली, तेव्हा सव्वातीन झाले होते. त्याने इंजिन बंद केले, त्याबरोबर वातानुकूलनही बंद झाले. सकाळच्या माणसाला फोन लावून त्याने मोबाइल आमच्यासमोर धरला. ४००० हा दर माणशी होता, म्हणून १६,००० बाथ आणि पथकर वेगळा, असे पलीकडून शांतपणे सांगण्यात आले. आत्ताच द्या, म्हणजे तुम्हाला साडेचारच्या आत पोहोचवता येईल. आवाज चढला नाही, धमकी दिली गेली नाही. आमची परतीची वेळ त्याला सकाळीच ठाऊक झाली होती, कागद त्याच्या खिशात होता आणि दुसरी गाडी मिळेल अशी ती जागा नव्हती. बंदर अजून तासाभराच्या आतबाहेर होते.

वाद घालण्यात दहा मिनिटे गेली, म्हणजे त्याचाच फायदा झाला. शेवटी पत्नीने सर्वांना ऐकू जाईल अशा रीतीने थायलंडच्या पर्यटक पोलिसांचा ११५५ हा क्रमांक लावला आणि गाडीचा क्रमांक मोठ्याने वाचायला सुरुवात केली. चालकाने सकाळच्या माणसाशी थाई भाषेत काही बोलणे केले आणि मागणी ९००० वर आली. ती रक्कम आम्ही दिली, पथकरासह, आणि चार वाजून वीस मिनिटांनी धक्क्यावर पोहोचलो. राजवाड्याजवळील टोळी आणि हा चालक यांचे संगनमत होते असे मी ठामपणे म्हणणार नाही, कारण माझ्याकडे पुरावा नाही. मात्र त्याने आम्हाला उतरवण्यासाठी तोच कोपरा निवडला होता.

जहाज आपल्याच सहलीच्या बसला उशीर झाला तर तिच्यासाठी थांबते. स्वतंत्रपणे गेलेल्या प्रवाशासाठी थांबण्याचे बंधन त्याच्यावर नसते आणि मागे राहिलेल्याला पुढच्या बंदरापर्यंतचा प्रवास स्वखर्चाने करावा लागतो. ही गोष्ट प्रवाशाइतकीच चालकालाही ठाऊक असते. हॉटेलात उतरलेला पर्यटक दुसऱ्या दिवशी पोलिसांना घेऊन त्याच दुकानात परत जाऊ शकतो, आणि खड्यांच्या व्यवहारात अशा वेळी काही रक्कम परत मिळाल्याची उदाहरणे आहेत. क्रूझचा प्रवासी त्या रात्री समुद्रावर असतो. आम्ही जहाजाच्या मदत कक्षात गेलो, तेव्हा तेथील कर्मचाऱ्याने सहानुभूतीने ऐकून घेतले, पण ही सहल जहाजाची नसल्यामुळे आपण काही करू शकत नाही, हे स्पष्ट केले.

खड्याचे पुढे काय झाले, ते विशेष सांगण्यासारखे आहे. प्रयोगशाळेत तपासल्यावर तो नीलमच निघाला, काच किंवा कृत्रिम खडा नव्हे. उष्णता देऊन रंग गडद केलेला, हलक्या प्रतीचा नीलम; मोजलेल्या पैशांच्या मानाने त्याची किंमत अगदीच किरकोळ. दुकानाच्या प्रमाणपत्रात ‘नैसर्गिक नीलम’ एवढेच लिहिले होते, किमतीविषयी त्यात अक्षरही नव्हते, म्हणजे प्रमाणपत्र खोटे नव्हते. बँकेकडे केलेली तक्रार याच मुद्द्यावर फेटाळली गेली: वर्णनाप्रमाणे माल मिळाला आहे, दर जास्त होता ही फसवणूक ठरत नाही. ‘परत गेल्यावर दुपटीने विका’ हे आश्वासन देणारा तो वकील दुकानाचा नोकर होता, हे सिद्ध करण्याचा कोणताही मार्ग नव्हता.

लेम चाबांगला उतरणाऱ्यांना माझे सांगणे असे की, बँकॉक पाहायचेच असेल तर जहाजाची फक्त ने-आण करणारी बस मिळते का, हे आधी विचारावे. अनेक क्रूझ कंपन्या ती विकतात, शहरात आपण मोकळे असतो आणि परतीची बस जहाजाची असल्यामुळे उशिराची जबाबदारीही त्यांची राहते. गाडीच करायची असेल तर दर लिहून घेताना ‘संपूर्ण गाडीचा, चार माणसांचा, जाऊन-येऊन, पथकरासह’ हे शब्द आकड्याच्या शेजारी असावेत, कागद आपल्याकडे राहावा, त्याचा आणि गाडीच्या क्रमांकाचा फोटो चालकादेखत घ्यावा आणि पैसे धक्क्यावर परत आल्यावरच द्यावेत. जहाजाची खरी वेळ कोणालाही सांगू नये. दीड तास आधीची सांगावी. शहरात फिरण्यासाठी गाडी मागवण्याचे ग्रॅबसारखे ॲप बरे, कारण भाडे आधी दिसते आणि प्रवासाची नोंद राहते. एवढ्या धावपळीची तयारी नसेल तर पट्टाया हे शहर लेम चाबांग बंदरापासून अर्ध्या तासाच्या आसपास आहे.

सिंगापूरहून निघालेल्या जहाजांबाबत एक जास्तीची अडचण आहे. थायलंडचे घड्याळ सिंगापूरपेक्षा एक तास मागे असते. जहाजाने आपली वेळ बदलली नाही आणि मोबाइलने मात्र आपोआप थाई वेळ दाखवली, तर मोबाइलवर साडेतीन वाजलेले असताना जहाजावर साडेचार झालेले असतात. उतरण्यापूर्वी ही चौकशी करून मनगटी घड्याळ जहाजाच्या वेळेवर ठेवावे.

व्हिएतनाममध्ये ‘हो ची मिन्ह सिटी’ म्हणून फू मी, मलेशियात ‘क्वालालंपूर’ म्हणून पोर्ट क्लांग, अशी हीच रचना अन्यत्रही आढळते. फुकेतला जहाज किनाऱ्याजवळ असते, तेथे अंतराचा प्रश्न नाही, पण पातोंगच्या किनाऱ्यावर जेट-स्की परत करताना जुन्याच ओरखड्यांची भरपाई मागण्याचा प्रकार अनेक वर्षे चालत आला आहे आणि तेथेही जहाजावर परत नेणाऱ्या बोटीची वेळ हाच दबाव असतो. जेट-स्की घ्यायचीच असेल तर ताब्यात घेण्यापूर्वी ती चारही बाजूंनी आणि खालून चित्रित करावी आणि तारण म्हणून पासपोर्ट कदापि देऊ नये. पासपोर्टची छायाप्रत पुरेशी नाही असे कोणी म्हणाले, तर त्या माणसाकडून काहीही भाड्याने घेऊ नये.