नोकरी सांभाळून क्लॅट पीजी दुसऱ्यांदा : मॉक सिरीज आठ महिने वापरल्यानंतर

राहते फोंड्याला, काम पणजीत एका सिनियर वकिलांकडे. सकाळी साडेनऊला हजर व्हायचं, सुटायला नेम नाही. एलएलएमची, म्हणजे कायद्याच्या पदव्युत्तर पदवीची प्रवेशपरीक्षा क्लॅट पीजी डिसेंबर २०२४ मध्ये पहिल्यांदा दिली. १२० पैकी ११६ प्रश्न सोडवले, बरोबर आले ७०. चुकीच्या उत्तराला पाव गुण कापतात, म्हणजे ४६ चुकांचे साडेअकरा गुण गेले आणि हातात ५८.५ उरले. ते फार लागलं मनाला. मे महिन्यात एका क्लासची ऑनलाइन मॉक सिरीज, म्हणजे सराव परीक्षांचा संच, विकत घेतली आणि डिसेंबर २०२५ च्या परीक्षेपर्यंत वापरली.

सिरीजने घड्याळाची सवय लावली, हे तिचं श्रेय. परीक्षा दुपारी दोन ते चार असते, म्हणून मी प्रत्येक मॉक रविवारी दोनलाच द्यायचे. आई त्या दिवशी जेवण साडेबारालाच वाढायची. भरल्या पोटी दोन तास प्रश्नांआधीचे उतारे वाचताना डोकं कुठे मंदावतं, हे तसं बसल्याशिवाय कळत नाही.

उत्तरांची स्पष्टीकरणं मात्र फारच तोकडी. ‘उत्तर ब, पाहा अनुच्छेद २१’ एवढ्यावर काय शिकणार? नवे फौजदारी कायदे १ जुलै २०२४ पासून लागू झाले, तरी काही प्रश्नांत अजून जुनीच कलमं होती. जुन्या दंडसंहितेतलं फसवणुकीचं ४२० आता भारतीय न्याय संहितेत ३१८ झालंय, हे मी बेअर अ‍ॅक्टमध्ये, म्हणजे कायद्याच्या मूळ मजकुराच्या पुस्तकात, पेन्सिलीने लिहून घेतलं. आणि खरी परीक्षा कागदावर असते. स्क्रीनवर उत्तर बदलायला एक टिचकी पुरते, ओएमआर उत्तरपत्रिकेवर पेनाने भरलेला गोल पुसता येत नाही. ऑगस्टपासून मी पेपर छापून, कोऱ्या ओएमआरच्या झेरॉक्सवर सोडवू लागले. फक्त गोल भरण्यात किती मिनिटं जातात ते तेव्हा समजलं.

पण माझा पेपर सुधारला तो न्यायालयांचे अख्खे निकाल वाचून. बस बाणस्तारीला अडकली की फोनवर तेच. आमच्या ऑफिसात इन्व्हेंटरीची, म्हणजे वारसांमधल्या वाटणीची मॅटर्स सतत असतात, त्यामुळे जुझे पावलु कुतिन्यु खटल्याचा सर्वोच्च न्यायालयाचा २०१९ चा निकाल मला पाठ आहे असं वाटायचं : गोंयकाराची मुंबईतली मालमत्ता असली तरी वारसाहक्क पोर्तुगीज नागरी संहितेप्रमाणेच. कॉलेजात एवढी एकच ओळ घोकली होती. पूर्ण वाचल्यावर त्यामागची वाट दिसली. १८६७ ची परकी संहिता, पण १९६२ च्या कायद्याने संसदेने ती चालू ठेवली, म्हणून ती आता भारतीय कायदा. क्लॅटचा उतारा नेमकं हेच विचारतो, न्यायालय तिथे कसं पोचलं. घटनात्मक कायद्याचे निकाल मग मी असेच वाचले, आठवड्याला दोन. जास्त झेपले नाहीत.

शनिवारी ऑफिस लवकर सुटलं तर पाटोच्या सेंट्रल लायब्ररीत चुकांची वही घेऊन बसायचे. प्रश्न चुकला की तीनपैकी एक शेरा : कायदा माहीत नव्हता, उतारा नीट वाचला नाही, किंवा अंदाजाने ठोकलं. सप्टेंबरअखेर तिसऱ्या शेऱ्याने पानं भरली होती. दोन पर्यायांत घोटाळत असेन तर एकावर खूण करायची, चारही पर्याय परके वाटले तर प्रश्न सोडायचा, हे मी त्या पानांवरून ठरवलं. चवथीच्या दिवसांत वही उघडली नाही, घर माणसांनी भरलं होतं, आणि त्याची मला खंत नाही.

शेवटच्या मॉकला १०५ सोडवले, ८२ बरोबर, गुण ७६.२५.

सिरीज पुन्हा घेईन का? वर्षाची नाही. परीक्षा घेणाऱ्या विधी विद्यापीठांच्या कन्सोर्टियमच्या संकेतस्थळावरचे जुने पेपर फुकट मिळतात, ते आधी संपवा. सिरीज सप्टेंबरनंतर घ्या, आणि तीही छापून सोडवा. फोंड्याच्या बसस्टँडजवळ झेरॉक्सची दुकानं आहेतच.