दिवाळीत आवडलेली कुंडी नवतपात टिकते का?

शोभेच्या कुंड्यांची खरेदी बहुतेक घरांत दिवाळीच्या आसपास होते. हवा गार असते, नर्सरीत शेवंतीचे ताटवे लागलेले असतात, आणि ओळीनं मांडलेली प्रत्येक कुंडी देखणीच दिसते. नागपुरात तिची परीक्षा पुढे सात महिन्यांनी, नवतपात, म्हणजे मेअखेरच्या सगळ्यात तापत्या नऊ दिवसांत होते. पारा ४५ अंशांच्या पार जातो, गच्चीची फरशी अनवाणी पायाला सोसवत नाही, आणि लगेच जूनमध्ये वादळी पावसाचा मारा. खालचा हिशेब त्या दिवसांचा आहे.

आधी मातीची कुंडी. भिंतीतून पाणी झिरपतं आणि उडून जातं, त्यामुळे आतली माती गार राहते. माठाचंच तत्त्व. बदल्यात पाणी जास्त लागतं: १२ इंची कुंडीला मे महिन्यात दिवसाला दीड-दोन लिटर, तेही दोन वेळा विभागून. घेताना बोटाच्या पेराने ठोकून बघा. टणटणीत आवाज आला तर भाजणी नीट झाली आहे. बद्द आवाजाची कुंडी दोन पावसाळ्यांत पापुद्रे सोडते. नवी कुंडी रात्रभर पाण्यात बुडवून मगच भरा, नाहीतर पहिले काही दिवस झाडाचं पाणी तीच पिते. बाहेरून ऑइल पेंट मारलेल्या रंगीत कुंड्या मात्र घेऊ नका. आतला ओलावा बाहेर येताना रंगाला फोड आणतो, आणि भिंत बंद झाल्यामुळे गारव्याचा फायदाही जातो. लाल रंगच हवा असेल तर गेरू लावा; पावसात उतरतो, पण पुन्हा लावायला अर्धा तास पुरतो. बोअरच्या पाण्यानं अंगावर पांढरे क्षार धरतात. पातळ व्हिनेगर आणि तारेचा ब्रश, एवढंच त्याला लागतं.

फायबरची, म्हणजे काचतंतू आणि रेझिनची (एफआरपी) कुंडी सध्या बरीच खपते. हलकी, मोठ्या आकारात मिळणारी, दगडासारखी दिसणारी. चांगली असेल तर खरंच उत्तम. पण ‘चांगली’ कोणती ते ओळखावं लागतं. कुंडी उलटी करा आणि कड बघा. भिंत ३-४ मिलीमीटर जाड हवी. दोन हातांनी दाबल्यावर पोट आत जात असेल तर माती भरल्यावर ते बाहेर फुगणार. आतल्या बाजूला काचतंतू उघडे दिसत असतील तर रेझिनमध्ये काटकसर झाली आहे. अशा कुंडीवर उन्हानं पांढरट भुकटी येते, मग तंतू वर येतात आणि हात लावला की खाज सुटते. शिवाय पुष्कळ फायबर कुंड्यांना तळाला भोकच नसतं. ‘घरी पाडून घ्या’ म्हणतात, ते दुकानातच पाडून मागा. १८ इंची कुंडीला १० ते १२ मिलीमीटरची किमान चार भोकं, आणि खाली एक इंच उंचीचे पाय किंवा फरशीचे तुकडे. पायाशिवाय ठेवलेल्या कुंडीची भोकं फरशीला चिकटून बंद होतात आणि ऑगस्टमध्ये मुळं कुजतात.

रोटोमोल्डिंगच्या, म्हणजे तापत्या साच्यात फिरवून घडवलेल्या प्लास्टिक कुंड्या उन्हाला फायबरइतक्याच, कधी जास्तही टिकतात, कारण रंग वरून चढवलेला नसून प्लास्टिकमध्येच मिसळलेला असतो. दुहेरी भिंतीची घेतली तर मुळांना झळ कमी लागते. दोष एकच, वजन नाही. उंच निमुळती कुंडी जूनच्या वावटळीत आडवी होते. तळाला दोन विटा टाका. साध्या पातळ प्लास्टिकच्या काळ्या कुंड्या शोभेच्या यादीत धरूच नका. मुळांना ४० अंशांपुढे त्रास होतो, आणि पश्चिमेच्या उन्हात काळ्या कुंडीची भिंत ती मर्यादा सहज ओलांडते.

सिमेंटची कुंडी अंगणात ठीक, गच्चीवर जपून. १८ इंची कुंडीत ४५ लिटरच्या आसपास माती मावते. ओली झाली की ५५-६० किलो, वर कुंडीचं स्वतःचं वजन. वावर असलेल्या गच्चीवर आयएस ८७५ या मानकात चौरस मीटरला साधारण १५० किलो भार धरतात, म्हणून जड कुंड्या मधोमध नकोत, भिंतीलगत किंवा बीमवर ठेवा. नव्या सिमेंटमधून चुना सुटतो. आठवडाभर पाणी भरून, रोज बदलून मग झाड लावा, नाहीतर मोगरा आणि लिंबू पिवळे पडतात.

उत्तर प्रदेशातल्या खुर्ज्याच्या सिरॅमिक कुंड्या व्हरांड्यात छान दिसतात. भोक पाडायचं असेल तर हिरा-लेपाचं बिट, ड्रिलचा हॅमर बंद, जागेवर चिकटपट्टी आणि सतत पाण्याची धार. घाई केली की तडा. आणि माठासारख्या, पोट मोठं तोंड लहान अशा कुंडीत कायमचं झाड लावू नये. दोन वर्षांनी मुळांचा गोळा बाहेर निघत नाही. झाड तरी कापा, नाहीतर कुंडी फोडा.

आमच्या मते सगळ्यात शहाणी रचना म्हणजे कुंडीत कुंडी. झाड साध्या कुंडीत ठेवा, ती शोभेच्या कुंडीत उतरवा आणि मधल्या ३-४ सेंटीमीटर फटीत नारळाचा काथ्या भरा. ऊन बाहेरच्या भिंतीवर अडतं आणि झाड बदलणं दोन मिनिटांचं काम होतं. बाहेरच्या कुंडीला भोक मात्र हवंच. साचलेल्या पाण्यात डेंग्यूचा डास आठवडा-दहा दिवसांत तयार होतो.

मातीबद्दल थोडं. नुसती काळी माती भरू नका. सुकली की आकसते, कडेला फट पडते आणि घातलेलं पाणी फटीतून थेट खाली जातं. आपण समजतो झाडाला मिळालं. ४ भाग माती, ३ भाग गांडूळखत, २ भाग कोकोपीट, १ भाग जाड रेती. भंडारा-गोंदियाकडचं धानाचं जळकं तूस मिळालं तर रेतीऐवजी तेच घ्या, वजन वाचतं. तळाला खडीचा थर देण्याची रीत सोडून द्या. बारीक मातीतलं पाणी खडीत लगेच उतरत नाही, उलट ओल वर सरकते. भोकावर जाळीचा तुकडा पुरे. कूलरच्या टाकीतलं उरलेलं पाणी कुंड्यांना घालण्याची सवयही वाईट, त्यात क्षार दाटलेले असतात.

मांडणीत दोनपेक्षा जास्त साहित्यं एकत्र आली की कोपरा दुकानासारखा दिसतो. मातीची आणि राखाडी फायबरची जोडी छान जमते. तीन कुंड्या, तीन उंची. झाड कुंडीच्या दीडपट उंच. पश्चिमेला बोगनवेल, अडेनियम, चिनी गुलाब. अरेका पाम तिथे ठेवू नका, एप्रिलमध्येच पानांची टोकं करपतात. एप्रिल ते जूनच्या मध्यापर्यंत ५० टक्के ऊन अडवणारी हिरवी जाळी बांधा, ती कुंड्यांपासून किमान तीन फूट वर, म्हणजे खाली हवा खेळती राहील.