६९७ला टर्बो बसवला, पंप मात्र जुनाच ठेवला: दिवाळीपासून पावसाळ्यापर्यंतचा अनुभव

आमच्या टाटाच्या जुन्या सहाचाकीला बिनटर्बोचं ६९७ इंजिन आहे. सहा सिलिंडर, ९७ मिमी बोअर, १२८ मिमी स्ट्रोक, म्हणजे पावणेसहा लिटरला थोडं कमी. गेल्या दिवाळीच्या आधी इंजिन बोअरिंगसाठी उघडलं, तेव्हाच टर्बो (एक्झॉस्टच्या जोरावर इंजिनात जास्त हवा दाबणारा पंखा) बसवून घ्यायचं ठरलं. गाडी काटोल-वरूडचा संत्रा नागपूरच्या कळमना बाजारात आणते. बहार संपला की गिट्टी, सोयाबीन, जे भाडं मिळेल ते. अमरावतीकडची खेप असली की तळेगावचा घाट येतो, आणि तिथे भरलेली गाडी दुसऱ्या गेअरमध्ये रडायची. टर्बो ठरला, पण वाढलेल्या हवेच्या जोडीला इंजिनाला डिझेल कोणत्या पंपाने द्यायचं यावर नागपूरजवळच्या वाडीत जितकी तोंडं तितके सल्ले मिळाले.

एकाने कॉमन रेल सुचवला, म्हणजे सगळ्या सिलिंडरांना एकाच जास्त दाबाच्या नळीतून, कॉम्प्युटरच्या हुकमाने डिझेल. कागदावर तो सगळ्यांत सरस आहे, यात वाद नाही. जुन्या पंपाच्या इंजिनात नोझल (डिझेल फवारणारं तोंड) साधारण २०० बारच्या आसपास उघडतं, आणि कॉमन रेलमध्ये डिझेलचा दाब गरजेप्रमाणे १,६०० बार किंवा त्याहूनही वर जातो. फवारा बारीक, धूर नाही, आवाज कमी. पण ६९७च्या हेडला ते इंजेक्टर सरळ बसत नाहीत. क्रँक आणि कॅमचे सेन्सर हवेत, हाय प्रेशर पंपाला ड्राइव्ह हवा, ईसीयू म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर हवा, आणि तो ईसीयू आपल्या इंजिनासाठी मॅप करणारा माणूस हवा. सगळा अंदाज घेतला तर तेवढ्यात असाच आणखी एक जुना ट्रक दारात उभा राहिला असता. शिवाय रात्री कोंढाळीजवळ गाडी बंद पडली तर लॅपटॉप घेऊन कोण येणार?

दुसरा सल्ला रोटरी पंपाचा (एकच फिरता भाग सगळ्या सिलिंडरांना डिझेल वाटतो), भंगारातून स्वस्तात मिळतो म्हणून. तो मी लगेच बाद केला. रोटरी पंपाचे आतले सगळे भाग डिझेलवरच वंगण घेतात. आपल्या इनलाइन पंपात प्रत्येक सिलिंडरला वेगळा दट्टा असतो आणि ते दट्टे उचलणाऱ्या कॅमला इंजिन ऑइल मिळतं. एप्रिल २०२०पासून पेट्रोल पंपावर मिळणारं बीएस-६ डिझेल १० पीपीएम सल्फरचं आहे. सल्फर काढताना डिझेलचं वंगण कमी होतं. त्यासाठी त्यात लुब्रिसिटीचं ॲडिटिव्ह असतं, मान्य, पण जुन्या, झिजलेल्या रोटरीवर मी तरी पैसे लावणार नाही.

तेव्हा राहिला तो मायकोचा इनलाइन पंप. (कंपनीचं नाव २००८ मध्ये बॉश झालं, पण आमच्याकडे अजून कुणी ‘बॉशचा पंप’ म्हणत नाही.) नवे एलिमेंट (डिझेल दाबणारे दट्टे आणि त्यांच्या बाह्या), नवे डिलिव्हरी व्हॉल्व्ह, नवे नोझल आणि गव्हर्नरच्या (इंजिनाचा वेग सांभाळणाऱ्या भागाच्या) मागे बूस्टवर, म्हणजे टर्बोने भरलेल्या हवेच्या दाबावर, चालणारा डायफ्राम, ज्याला सगळे एलडीए म्हणतात. टर्बोने हवा भरेपर्यंत हा डायफ्राम रॅक, म्हणजे डिझेल वाढवणारी दांडी, पुढे जाऊ देत नाही, त्यामुळे गाडी उचलताना काळ्या धुराचा लोट निघत नाही. टर्बो लावून एलडीए न लावणारे बरेच आहेत. त्यांची गाडी सिग्नलवरून निघाली की मागचा दुचाकीवाला दिसेनासा होतो.

पंप बेंचवर (पंप तपासायच्या मशीनवर) चढवला तेव्हा मी मुद्दाम थांबलो. सहा काचेच्या नळ्या, प्रत्येकीत एका लाइनचं तेल पडतं. जुन्या सेटिंगवर हजार स्ट्रोकला सहाही नळ्यांच्या पातळ्या वेगवेगळ्या. चौथी सगळ्यांत वर, सहावी सगळ्यांत खाली. म्हणजे एक सिलिंडर जास्त जळत होता आणि दुसरा उपाशी. पंपवाले चाचा प्रत्येक एलिमेंटच्या बाहीचा स्क्रू सैल करत, ती केसभर फिरवत, पुन्हा आवळत, पुन्हा हजार स्ट्रोक. यातच दुपार गेली. शेवटी सहाही पातळ्या एका रेषेत आल्या, तेव्हा कुठे त्यांनी चहा सांगितला. माझं मत विचाराल तर अर्धा फायदा तिथेच झाला, टर्बो अजून फिरलाही नव्हता.

टायमिंगही, म्हणजे डिझेल नेमकं कधी सुटायचं तेही, तसंच जुन्या पद्धतीने. पहिल्या लाइनचा डिलिव्हरी व्हॉल्व्ह काढून वाकडी नळी लावायची, हॅन्ड प्रायमरने डिझेल ढकलत राहायचं आणि फ्लायव्हील हळूहळू फिरवायचं. धारेचे थेंब होतात, आणि थेंब तुटून जवळजवळ थांबला की तोच पॉइंट. टर्बोमुळे सिलिंडरमधला दाब वाढतो, म्हणून मूळ टायमिंगपेक्षा किंचित मागे ठेवलं. फार मागे नेलं तर एक्झॉस्ट तापतो आणि ॲव्हरेज पडतं, फार पुढे ठेवलं तर इंजिन ठोकतं.

आता मुख्य मुद्दा, जो मला कुणी सुरुवातीला सांगितला नव्हता, चाचा सोडून. नागपुरात पंप ट्यून करायचा तो मे महिन्याच्या दुपारसाठी. डिसेंबरच्या पहाटे १२ अंशांत जेवढी हवा इंजिनात जाते, त्यापेक्षा ४५ अंशांत वजनाने सुमारे दहा टक्के कमी जाते. डिझेलही गरम होऊन पातळ होतं, पण टाकीतलं डिझेल तेवढंच तापलं तरी त्याचं वजन जेमतेम तीन टक्क्यांनी घटतं. हवा पडली दहाने, डिझेल पडलं तीनने. उरलेल्याचा धूर होतो आणि एक्झॉस्टचं तापमान चढतं. त्यात टर्बो ती हवा दाबून आणखी तापवतो. उन्हाळ्यात ०.७ बार बूस्टला टर्बोतून निघणारी हवा हिशेबाने सव्वाशे अंशांच्या घरात जाते. म्हणून पंपावरचा खर्च थोडा आवरून ती हवा गार करणारा इंटरकूलर लावला आणि डिझेल पंधरा टक्क्यांच्या आतच वाढवलं. बूस्ट ०.७च्या वर जाऊ देत नाही. बिनटर्बोच्या ब्लॉकमध्ये पिस्टनखाली त्याला गार ठेवणारे ऑइलचे जेट नाहीत, हे विसरून चालत नाही.

हिवाळ्यात डिझेल आणखी वाढवा अशी ड्रायव्हरची कुरकुर होती, “भाऊ, अजून थोडं खोला ना जी, गाडी ओढू शकते.” ओढलीही असती. मी एक्झॉस्टमध्ये, टर्बोच्या आधी, तापमानाचा मीटर बसवून घेतला होता. मेमध्ये भरल्या गाडीनिशी तळेगावचा घाट चढताना काटा साडेसहाशेच्या पुढे सरकायला लागला. सातशेच्या वर बराच वेळ चालवायचं नाही, हे ड्रायव्हरलाही पाठ आहे. तो आपणहून एक गेअर खाली आला. त्यानंतर खोलायचा विषय निघाला नाही.

फरक म्हणाल तर घाट आता तिसऱ्यात निघतो. भरलेल्या गाडीचं ॲव्हरेज साडेचारच्या आसपास होतं, ते पाचला टेकतं. रिकामं चालवताना फारसा फरक नाही. पीयूसीत धुराचा आकडा १.७च्या आसपास आला. बीएस-४च्या आधीच्या डिझेल गाड्यांना मर्यादा २.४५ची आहे. खालच्या आरपीएमला टर्बो जागा होईपर्यंत गाडी जड वाटते, हा दोष राहणारच, आणि शहरात सदर-सीताबर्डीच्या गर्दीत तो जाणवतो.

तक्रारीही आहेत. इंटरकूलर रेडिएटरच्या पुढे असल्याने कापसाच्या दिवसांत रुई जाळीत अडकून फेल्टसारखा थर जमतो. एअर प्रेशरने दर आठवड्याला साफ करावं लागतं, आणि उलट बाजूनेच, नाहीतर रुई आणखी आत जाते. टर्बो आल्यापासून ऑइल लवकर बदलतो. गाडी थांबवल्यावर दोन मिनिटं आयडलला ठेवायची सवय ड्रायव्हरला लावताना माझा घसा बसला. पावसाळ्यात डिझेलमधलं पाणी वेगळं करणारा सेपरेटर उपयोगी पडला. सगळ्या कामात सर्वांत स्वस्त गोष्ट ती होती आणि तिच्या काचेत तळाशी जमलेलं पाणी बघितल्यावर नव्या नोझलची काळजी मिटली.

कागदपत्रांचं आधी बघा. आरसीवरची माहिती बदलेल असा फेरफार मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली परवानगीशिवाय करता येत नाही. पूर्ण कॉमन रेल इंजिन टाकायचा विचार असेल तर आरटीओची पायरी मिस्त्रीच्या आधी चढा. आणि पंप लॅबमधून उचलताना सहाही लाइनचं बेंच रीडिंग कागदावर लिहून घ्या. आमचा कागद गाडीच्या फायलीत आहे. पुढच्या दिवाळीला पंप पुन्हा बेंचवर चढेल तेव्हा एलिमेंट किती झिजले ते त्याच्याशी ताडून बघता येईल.