परदेशी उन्हाळी कार्यक्रम: अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याने पैसे नेमके कशासाठी मोजावेत?

गणेशविसर्जनापासून दिवाळीपर्यंतच्या काळात आमच्या विभागात तिसऱ्या वर्षाचे विद्यार्थी दोन प्रकारचे कागद घेऊन येतात. पहिला कागद शिफारसपत्राच्या विनंतीचा असतो. उन्हाळ्याच्या सुट्टीत जर्मनीतील अथवा कॅनडातील एखाद्या प्रयोगशाळेत दोन-तीन महिने काम करण्यासाठी त्या विद्यार्थ्याला अर्ज करावयाचा असतो. दुसरा कागद म्हणजे एखाद्या खाजगी संस्थेचे गुळगुळीत पत्रक; त्यात युरोपातील दोन आठवड्यांच्या ‘आंतरराष्ट्रीय अभ्यासानुभवा’चे आमंत्रण असते आणि त्यासाठी महाविद्यालयाचे ना हरकत प्रमाणपत्र हवे असते. पालकांच्या दृष्टीने दोन्ही गोष्टी सारख्याच, कारण दोन्हींत विमानप्रवास आहे, परदेशी विद्यापीठाचे नाव आहे आणि शेवटी हातात प्रमाणपत्र पडते. अशा कार्यक्रमांना जाऊन आलेल्या विद्यार्थ्यांचे अहवाल मी अनेक वर्षे तपासत आलो आहे. देश, विद्यापीठाचा लौकिक किंवा मुक्कामाचे दिवस यांच्यापेक्षा एकच बाब निर्णायक ठरते, असे माझे त्यावरून मत झाले आहे: तिथे विद्यार्थ्याच्या नावावर काही काम आहे का, आणि ते काम तपासणारा माणूस कोण आहे.

पत्रकांपासून सुरुवात करतो. माझ्याकडे आलेल्या एका पत्रकातील वेळापत्रक मी पेन्सिल घेऊन मोजले. १४ दिवसांपैकी २ दिवस प्रवासाचे, ४ दिवस स्थलदर्शनाचे, ३ दिवस ‘औद्योगिक भेटीं’चे आणि उरलेले ५ दिवस सकाळी तीन-तीन तासांच्या व्याख्यानांचे, म्हणजे वर्गातले शिक्षण एकूण १५ तासांचे. युरोपात अभ्यासाचे काम मोजण्याच्या ईसीटीएस पद्धतीत एक श्रेयांक (क्रेडिट) म्हणजे विद्यार्थ्याचे २५ ते ३० तासांचे काम, आणि त्यात वर्ग, स्वतःचा अभ्यास व परीक्षा हे सर्व धरलेले असते. आपल्याकडील राष्ट्रीय श्रेयांक आराखडाही एका श्रेयांकामागे ३० तास धरतो. असे असताना १५ तासांच्या व्याख्यानांवर ३ श्रेयांकांचे आश्वासन देणाऱ्या या मंडळींनी हा हिशेब कोणत्या पंचांगावरून मांडला, ते विचारूनही कळले नाही. व्याख्याने विद्यापीठाच्या इमारतीत होणार होती, हे खरे. परंतु ती देणारे प्राध्यापक त्या विद्यापीठाच्या सेवेत आहेत की केवळ सभागृह भाड्याने घेतलेले आहे, या प्रश्नालाही सरळ उत्तर मिळाले नाही.

‘औद्योगिक भेटीं’पैकी दोन तर संग्रहालयांच्या होत्या. त्यांतले म्युनिकचे डॉइचेस म्युझियम खरोखर पाहण्याजोगे आहे. ओस्कार फॉन मिलर या अभियंत्याने १९०३ मध्ये ते स्थापन केले आणि इसार नदीतल्या बेटावरची त्याची इमारत १९२५ मध्ये खुली झाली. यंत्र अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याने तिथे दोन दिवस सावकाश हिंडावे, पाठ्यपुस्तकात केवळ आकृतीत पाहिलेली यंत्रे समोर उभी पाहावीत, त्यातून पुष्कळ काही मिळेल. मात्र तिथे जाण्यासाठी तिकीट लागते आणि ते कोणालाही काढता येते. त्यासाठी एखाद्या संस्थेला लाखो रुपये देऊन त्यास औद्योगिक भेट म्हणण्याचे कारण नाही. घरच्यांनी युरोपची सहल म्हणून खर्च केला तर माझी तक्रार नाही. शैक्षणिक कर्ज काढून अशा कार्यक्रमाला मुलाला पाठवणारे पालक भेटतात, तेव्हा मात्र मी त्यांना बसवून घेतो आणि वरचा हिशेब दाखवतो.

विद्यापीठे स्वतः चालवतात त्या उन्हाळी शाळांची गोष्ट वेगळी आहे. आखेन, डेल्फ्ट यांसारख्या तांत्रिक विद्यापीठांच्या शाळांत शिकवणारे प्राध्यापक तिथलेच असतात, विषय नेमका असतो, आणि परीक्षा किंवा प्रकल्प असेल तर मिळणाऱ्या श्रेयांकांना काही अर्थ असतो. अडचण येते ती वेळापत्रकाची. जर्मनीतील उन्हाळी सत्राची व्याख्याने एप्रिलच्या मध्यापासून जुलैच्या उत्तरार्धापर्यंत चालतात, त्यामुळे तेथील बऱ्याच उन्हाळी शाळा ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये भरतात. त्या वेळी आपल्याकडे विषम सत्र ऐन भरात असते, ७५ टक्के हजेरीची अट डोक्यावर असते आणि सत्रांतर्गत चाचण्या सुरू झालेल्या असतात. या दृष्टीने सिंगापूर सोयीचे, कारण तेथील सुट्टी मेच्या मध्यापासून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत असते. ज्याला खर्च झेपतो आणि ज्याला प्रयोगशाळेपेक्षा वर्गातील अभ्यासक्रमच हवा आहे, त्याने जून-जुलैमध्ये होणाऱ्या अशा शाळांचा विचार आधी करावा.

आता ज्या कार्यक्रमांसाठी मी आनंदाने शिफारसपत्र लिहितो त्यांच्याकडे वळतो. जर्मन शैक्षणिक विनिमय सेवा, जिला सगळे ‘डाड’ म्हणून ओळखतात, ही १९२५ मध्ये स्थापन झालेली संस्था. तिची ‘वाइज’ ही योजना भारतातील पदवीपूर्व विद्यार्थ्यांना दोन ते तीन महिन्यांसाठी जर्मनीतील विद्यापीठात किंवा संशोधन संस्थेत काम करू देते. मासिक विद्यावेतन, प्रवासासाठी एकरकमी भत्ता आणि आरोग्य, अपघात व दायित्व यांचा विमा एवढे त्यात मिळते. शिकवणी शुल्क नसते. परंतु या योजनेचे खरे वैशिष्ट्य पैशांत नसून एका अटीत आहे. मार्गदर्शक प्राध्यापक विद्यार्थ्याने स्वतः शोधायचा, त्याच्याकडून निमंत्रणपत्र मिळवायचे आणि मगच अर्ज करायचा. ही अट विद्यार्थ्यांना जाचक वाटते, पण कोणाच्या हाताखाली, कोणत्या विषयावर काम करायचे हे त्यामुळे जाण्यापूर्वीच ठरते.

निमंत्रण मिळवण्याची आपल्या मुलांची रीत मात्र सुधारण्यासारखी आहे. ‘रिस्पेक्टेड सर’ने सुरू होणारा एकच मजकूर दोनशे प्राध्यापकांना पाठवायचा आणि उत्तर येत नाही म्हणून नशिबाला बोल लावायचा, हा दरवर्षीचा प्रकार आहे. कधी कधी त्यात आधीच्या प्राध्यापकाचे नाव तसेच राहिलेले असते. ज्यांना उत्तरे आली त्यांची पत्रे मी पाहिली आहेत. ती लहान होती आणि त्या प्राध्यापकाच्या एखाद्या शोधनिबंधातील एखाद्या आलेखाविषयी नेमका प्रश्न विचारणारी होती.

आमच्या एका विद्यार्थिनीने जर्मनीतून आणलेल्या वहीविषयी थोडे सविस्तर सांगतो. तिला बेअरिंगमधील बिघाड कंपनांवरून ओळखण्याचे काम दिले होते. पहिल्या आठवड्याच्या सर्व नोंदी केवळ एका ॲक्सिलरोमीटरच्या, म्हणजे कंपन मोजणाऱ्या संवेदकाच्या, बैठकीविषयी आहेत. चुंबकाने बसवला की आलेख कसा येतो, मेणाने चिकटवला की कसा येतो आणि स्टडने (आट्यांच्या खिळीने) आवळला की कसा येतो, असे तीन आलेख एकाखाली एक चिकटवलेले आहेत. वारंवारता वाढत गेली की चुंबकाची बैठक साथ सोडते आणि स्टडची टिकते, हे त्यांत स्पष्ट दिसते. सुरुवातीच्या बिघाडाच्या खुणा नेमक्या उच्च वारंवारतेच्या पट्ट्यात सापडत असल्यामुळे ही बाब किरकोळ नाही. स्टडच्या आलेखाशेजारी समासात तिच्या मार्गदर्शकाने, जो स्वतः पीएच.डी.चा विद्यार्थी होता, पेन्सिलीने विचारले आहे की किती टॉर्कने (पिळाच्या जोराने) आवळला, आणि पुढच्याच पानावर सगळी वाचने टॉर्कच्या नोंदीसह पुन्हा घेतलेली आहेत. आमच्या प्रयोगशाळांत प्रयोग आधीच मांडून ठेवलेला असतो; विद्यार्थी कळ दाबतो, तक्त्यात आकडे भरतो आणि जर्नलवर सही घेतो. मोजमापाचे साधन स्वतः बसवताना आकड्यात किती फरक पडू शकतो, हे तिला ज्या रीतीने कळले त्या रीतीने आम्ही चार वर्षांत शिकवत नाही. तिचा अंतिम निष्कर्ष फारसा नवा नव्हता, आणि एवढ्या मुदतीत तो तसा असण्याची अपेक्षाही करू नये.

सर्वांचे असेच होते असे मात्र नाही. त्याच काळात दुसऱ्या एका शहरात गेलेल्या विद्यार्थ्याचे प्राध्यापक निम्मा काळ परिषदांत होते, आणि हाताखाली कोणी नेमलेले नसल्यामुळे त्याने निबंध वाचून सारांश लिहिण्यात दोन महिने घालवले. हे काम तो घरी बसूनही करू शकला असता. म्हणून निमंत्रण आल्यावर रोजचे मार्गदर्शन कोण करणार, हा प्रश्न संकोच न करता विचारावा; जर्मन मंडळींना अशा सरळ प्रश्नाचा राग येत नाही.

वाइजविषयी माझी एक तक्रार आहे. ही योजना ठरावीक भारतीय संस्थांच्या विद्यार्थ्यांसाठीच खुली आहे. आयआयटी, एनआयटी, आयसर अशा संस्थांची नावे त्या यादीत असतात, आणि विद्यापीठाशी संलग्न असलेल्या बहुसंख्य खाजगी महाविद्यालयांतील मुलांना अर्जाची सोयच नसते. निवड कठोर असण्याला हरकत नाही, पण सांगली-जळगावच्या एखाद्या महाविद्यालयातील हुशार मुलीला महाविद्यालयाच्या नावावरूनच दार बंद होणे मला पटत नाही.

कॅनडातील मायटॅक्स या संस्थेची ग्लोबलिंक संशोधन इंटर्नशिप २००९ मध्ये सुरू झाली आणि तिची पहिली तुकडी भारतातूनच गेली होती. येथे प्राध्यापक शोधत बसावे लागत नाही; प्रकल्पांची यादी संकेतस्थळावर असते, विद्यार्थ्याने वेगवेगळ्या प्रांतांतील काही प्रकल्प पसंतीक्रमाने निवडायचे आणि संस्था जुळवणी करते. मुदत १२ आठवड्यांची. मे ते ऑगस्ट या काळात तेथील पदवीच्या वर्गांची वर्दळ कमी असते, प्राध्यापक शिकवण्यातून मोकळे असतात आणि संशोधक विद्यार्थी प्रयोगशाळेत असतात. बाहेरून आलेल्या मुलाकडे लक्ष देण्यास याहून चांगला काळ नाही. अर्जाची मुदत मात्र सप्टेंबरच्या सुमारास संपते, आणि दिवाळीनंतर जागे होणारे विद्यार्थी ही संधी हमखास गमावतात.

जपानचा साकुरा सायन्स कार्यक्रम २०१४ पासून चालू आहे. त्यातील बहुतेक भेटी एक ते तीन आठवड्यांच्या असतात, प्रवास व राहण्याचा खर्च जपान उचलते, आणि अर्ज विद्यार्थ्याने नव्हे तर तिथल्या यजमान संस्थेने करायचा असतो. त्यामुळे ज्या महाविद्यालयातील एखाद्या प्राध्यापकाचा जपानशी जुना संबंध आहे, तिथल्याच मुलांना तो मिळण्याची शक्यता. इतक्या थोड्या दिवसांत संशोधन होत नाही, ओळख होते. फुकट मिळणारी ओळख घ्यावी, एवढेच. १९४८ मध्ये स्थापन झालेल्या आयएईएसटीई या विद्यार्थ्यांच्या तांत्रिक प्रशिक्षणासाठीच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचे तत्त्व देवाणघेवाणीचे आहे, म्हणजे आपण जितक्या परदेशी प्रशिक्षणार्थींना काम देऊ त्या प्रमाणात आपल्या मुलांना जागा मिळतात. महाराष्ट्रातील उद्योगांनी यात रस घेतला तर पुष्कळ काही होऊ शकेल.

खर्चाच्या बाबतीत विद्यावेतनावर सारे भागेल असे धरून चालू नये. पहिला हप्ता पोहोचेपर्यंत खोलीची अनामत, पहिल्या महिन्याचे भाडे आणि जेवण यांची सोय खिशातून करावी लागते. शेंगेन व्हिसाचे, म्हणजे युरोपातील बऱ्याच देशांसाठी चालणाऱ्या समाईक व्हिसाचे, शुल्क जून २०२४ पासून ९० युरो आहे आणि किमान ३०,००० युरो रकमेचा वैद्यकीय विमा त्यासाठी बंधनकारक आहे. हा व्हिसा १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवसांच्या मुक्कामासाठी असतो; मुक्काम त्याहून एका दिवसाने जरी वाढणार असेल तरी त्या देशाचा स्वतःचा राष्ट्रीय व्हिसा लागतो, म्हणून निमंत्रणपत्रातील तारखा मोजून घ्याव्यात. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. मार्च-एप्रिलमध्ये मुंबईत पर्यटकांची झुंबड उडते आणि भेटीची तारीखच मिळत नाही, तेव्हा सत्र परीक्षेचे वेळापत्रक लागण्याची वाट पाहत बसणे परवडत नाही. जर्मनीत फिरण्यासाठी मासिक डॉइचलँड तिकीट घ्यावे, प्रादेशिक गाड्या आणि शहर वाहतूक त्यात येते. मात्र ती वर्गणी आपोआप पुढे चालू राहते आणि महिन्याच्या १० तारखेपर्यंत रद्द केली नाही तर पुढच्या महिन्याचे पैसे कापले जातात. परतलेल्या मुलांच्या खात्यातून अशी कपात झाल्याचे वारंवार ऐकतो.

परदेशातील कामाचे श्रेयांक इथे धरले जातील की नाही, हे जाण्यापूर्वी विभागप्रमुख आणि परीक्षा विभाग यांच्याकडून लेखी घ्यावे. आल्यावर हा विषय काढला की कोणते तरी परिपत्रक आडवे येते. मुदत, एकूण तास आणि मूल्यमापनाची पद्धत या तीन गोष्टी यजमान संस्थेच्या पत्रावर असल्या, तर काम सोपे होते.

पात्र संस्थेतील विद्यार्थ्याला मी वाइज आणि ग्लोबलिंक या दोन्हींसाठी अर्ज करण्यास सांगतो, आणि त्याचा कल प्रायोगिक कामाकडे असेल तर वाइजला झुकते माप देतो. संलग्न महाविद्यालयातील ज्या मुलांपुढे केवळ चार-पाच लाखांचे पत्रक आहे, त्यांनी ते बाजूला ठेवून भारतीय विज्ञान अकादमींच्या उन्हाळी संशोधन पाठ्यवृत्तीचा अर्ज आधी भरावा. तीत अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनाही घेतात, दोन महिने एखाद्या राष्ट्रीय प्रयोगशाळेत किंवा संस्थेत मार्गदर्शकाच्या हाताखाली काम मिळते आणि वर विद्यावेतनही मिळते. त्यासाठी पासपोर्टसुद्धा लागत नाही.